हळदीची ताडपत्री

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याच्या मापापासून नवऱ्याच्या फोनपर्यंत मला कशाचाच भरवसा वाटत नाही. आणि खरं सांगू, दहातल्या आठ वेळा माझंच बरोबर निघतं.

आम्ही बंजारा, मूळचे तांड्यावरचे, पण पंधरा वर्षं झाली, गोरेगावात राहतो. नवऱ्याची जीप आहे, गोरेगाव ते सेनगाव आणि कधी पुढं हिंगोली. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, कागदावर चालतं: धर्मसिंग. धाकटा दीर नेमसिंग तांड्यावर राहून शेत बघतो. सासू भिकाबाई आमच्याकडे. आमच्यात आईला याडी म्हणतात, मीही तिला याडीच म्हणते.

याडीनं ऐंशी कधीच ओलांडली. गेल्या वर्षी नहाणीत पडली, तेव्हापासून रात्री तिला आवरत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. खाटेवर रबरी शीट, तिच्यावर जुन्या लुगड्याची घडी आणि रात्रीपुरतं मोठ्या माणसाचं डायपर, असं सगळं मी बसवून घेतलं होतं. सकाळी उठवायला गेले की ती भिंतीकडे तोंड करून हळूच सांगायची, "शिला, वलं झालं गं." तिची ती लाज बघून मलाच कसंतरी व्हायचं.

बिघडलं ते सोफ्यावरून. हा सोफा माझ्या लेकीनं, प्रतिक्षानं, नर्सची नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीला घेऊन दिलेला. मोरपंखी रंग, मखमलीसारखं कापड. येणाऱ्याला मी आधी सोफा दाखवायचे, मग पाणी द्यायचे. फेब्रुवारीत एका दुपारी बघते तर मधल्या गादीवर हा एवढा ओला डाग, आणि त्यावर याडी बसलेली.

"याडी, हे काय?"

"व्हय, मीच केलं," ती म्हणाली. ना मान खाली, ना आवाज बारीक.

मी गादी उन्हात टाकली, लिंबू आणि खायचा सोडा चोळला. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग खताच्या पोत्यातलं आतलं प्लॅस्टिक कापून अंथरलं, तर ते सरकायचं आणि ओल नेमकी कडेनं आत शिरायची. रबरी शीट टाकली तर हे म्हणायचे, "काढ ते, पाठ भाजून निघते."

मला खटकलं ते असं: रात्रीचं ती लाजत सांगते आणि दुपारचं ठणकावून. दिवसा खाटेवर एक थेंब नाही आणि सोफ्यावर तळं. म्हातारी मुद्दाम करते, असं माझ्या डोक्यात बसलं. सून सोफा मिरवते हे तिला बघवत नसेल. किंवा नेमसिंगच्या बायकोनं, संगितानं, कान भरले असतील. संगिताला माझं काहीच चांगलं बघवत नाही, हा माझा जुना संशय.

एके दिवशी मी पाळत ठेवली. जेवणं झाल्यावर मागे भांडी घासायचं नाटक केलं आणि खिडकीच्या फटीला डोळा लावला. हे सोफ्यावर लवंडले होते. पुढची फेरी भरेपर्यंत तासभर झोपायची यांची सवय. मी एक कढई तीनदा घासली. मग हे उठले आणि बाहेर गेले. ते गेल्याबरोबर याडी खाटेवरून उठली. काठी टेकत, धापा टाकत सहा पावलं चालली आणि मधल्या गादीवर जाऊन बसली. मी धावत आत गेले. गादी ओली होती.

चोर मुद्देमालासकट सापडला म्हणून मला केवढा आनंद झाला, ते आता सांगायला जीभ रेटत नाही.

त्याच दिवसांत दुसरा संशयही मला खात होता. यांनी पांढरे पायजमे सोडून काळी पॅन्ट धरली. चाँद पाशाच्या दुकानातून अत्तर आणलं, जीपमध्येसुद्धा शिंपडायला लागले. हिंगोलीच्या फेऱ्या बंद केल्या, सेनगावच्या पुढं जायचं नाव नाही. चोपन्न वर्षांचा बाप्या अत्तर लावायला लागला तर बायकोनं काय समजायचं? सेनगावात कोणीतरी आहे, असं मी धरूनच चालले होते. म्हणजे घरात सासू वैरीण आणि बाहेर सवत. अशा डोक्यानं मी स्वयंपाक करत होते.

होळीनंतर मी यांना सांगितलं, "एक तर सोफा राहील, न्हाई तर तुमची आई. नेमसिंगकडं नेऊन सोडा."

नेमसिंगकडे याडीची जागा कुठं, हे मला माहीत होतं. घर दोन खोल्यांचं, पोरं चार. ती गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली पडणार, एप्रिलच्या उन्हात. रात्री तिचं ओलं बदलायला तिथं कोणी उठणार नव्हतं. हे सगळं माहीत असून मी बोलले.

मला वाटलं हे भांडतील. हे जमिनीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "शनिवारी सोडतो." याडी खाटेवर पडून ऐकत होती. तिनं कूस बदलली, एवढंच.

शुक्रवारी नेमसिंगनं आपली जुनी ताडपत्री पाठवली. तांड्यावर हळद शिजवून वाळवून झाली होती, आता ती ताडपत्री आमच्या पत्र्यावर घालायची होती. ताडपत्री खरखरीत असते, सरकत नाही. मी तिचा एक तुकडा कापला, अंगणात झटकला आणि शनिवारी सकाळी सोफ्यावर घातला. वर पांढरी चादर. महिनाभर ओली हळद अंगावर घेतलेली ताडपत्री झटकून थोडीच स्वच्छ होते? पण शेवटच्या दिवशी तरी सोफा वाचू दे, एवढंच माझ्या मनात होतं.

जेवणं झाल्यावर हे आडवे झाले. मी याडीला न्हाऊ घालायला नेलं. संगिताला नाव ठेवायला जागा नको म्हणून तिला घासूनपुसून पाठवायचं होतं. पाठ चोळली, केस विंचरले. मग तिचा ठेवणीतला, आरसे लावलेला फेटिया तिला नेसवला. फेटिया म्हणजे आमच्या जुन्या बायकांचा घागरा, धुवायचा तर दोन माणसं लागतात. या सगळ्यात पाऊण तास तरी गेला असेल.

तिचा हात धरून मी बाहेरच्या खोलीत आले. हे नव्हते. सोफ्यावरची चादर मधोमध ओली आणि पिवळीजर्द झाली होती. मी काही बोलायच्या आत याडीनं माझा हात सोडला. एवढ्या चपळाईनं ती चाललेली मी वर्षभरात पाहिली नव्हती. त्या ठेवणीतल्या फेटियासकट ती त्या डागावर जाऊन बसली.

"मीच केलं," ती म्हणाली.

"याडी, तुमी माझ्यासंगं नहाणीत व्हत्या."

"त्याच्या आधी केलं."

"आधी चादर कोरडी व्हती. मीच अंथरली."

तिनं सोफ्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. "मीच केलं म्हणून राहिले न्हाई का? आता चल, मला तांड्यावर सोडा. जीप उभी हाय."

मी तिला तिथंच ठेवून बाहेर गेले. हे जीपच्या मागे उकिडवे बसले होते. बादलीत काळी पॅन्ट, पाणी पिवळं आणि यांचे दोन्ही हात हळद लागलेल्या नवरदेवासारखे पिवळे. ड्रायव्हरच्या सीटवर प्लॅस्टिक आणि त्यावर पोत्याची घडी होती. सेनगावच्या सवतीसाठी जमवून ठेवलेल्या वीसेक शिव्या माझ्या तोंडात होत्या. त्यातली एक बाहेर आली नाही.

"किती दिस झाले?"

"संक्रांतीपासून. डोळा लागला की कळतच न्हाई. तहान तर अशी की हंडा पुरत न्हाई."

"दवाखान्यात काहून न्हाई गेला?"

"सेनगावचा कंपाउंडर रोज माझ्याच जीपला असतो," हे म्हणाले. "त्याला काय सांगू?"

"आन् आईला सांगितलं?"

"न्हाई. तिनंच बघितलं एक दिस. मला म्हणली, तू जा, मी बसते."

मी आत जाऊन याडीचा फेटिया बदलला. ती विचारत राहिली, काय म्हणला, काही म्हणला का? मी म्हटलं, काही न्हाई. मग तिचं गाठोडं पुढच्या सीटवरून काढून घरात ठेवलं, तिला जीपमध्ये पुढं मधल्या जागी बसवलं आणि मी कडेला बसले. शेजारची चाँदबी दारात उभी होती.

"म्हातारीला सोडायला निघाल्या व्हय?"

"न्हाई, हिंगोलीला दवाखान्यात," मी म्हणाले. "याडीला लघवीची तकलीफ हाय."

माझं वाक्य संपायच्या आत याडीनं मान हलवली.

सेनगाव मागे पडलं. वाटेत दोनदा गाडी थांबवून हे बाभळीमागे जाऊन आले. शेवटी मी विचारलंच, "मला कळलं नसतं, तर आज तुमी याडीला पत्र्याखाली टाकून आला असता?"

यांनी गिअर बदलला. पुढं ट्रक नव्हता, खड्डा नव्हता, तरी हे रस्त्याकडेच बघत राहिले.

"न्हाई सोडलं असतं त्यानं," याडी म्हणाली. "अर्ध्या वाटेतून मागं फिरला असता. मला ठाऊक हाय माझं लेकरू."

मग तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आन् तो सोडून आला असता, तरी दोन दिसांत तूच न्यायला आली असतीस."

मी आले नसते. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि याडीलाही.