माणशी दोन

सोमवारी मी मोजलं तेव्हा दुकानात दोन हजार तीनशे सहा सीडी, चारशे अकरा रेकॉर्ड, ऐकायचे दोन हेडफोन आणि वहीत चौदा नावं होती. एका हेडफोनची डावी बाजू बंद होती. नावं नव्या अल्बमसाठी गिऱ्हाइकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली.

"यातली दहा आली तर भाडेकरार आणखी वर्षभर," बाबा म्हणाले. "नाहीतर रविवारी मालकाला किल्ली."

गोची वेगळीच होती. ठोक व्यापारी बाबांना सीडी दोनशे ऐंशीला देणार होता. चौकापलीकडच्या मोठ्या साखळी दुकानात, वॉशिंग मशीनशेजारी, तीच दोनशे चाळीसला विकायला येणार होती.

"मग आपणही तिथूनच आणायच्या?" आई म्हणाली.

"माणशी दोनच देतात. ताईलाही बोलाव."

शुक्रवारी अल्बम आला. बाबा, आई, बाबांची ताई म्हणजे माझी आत्या आणि मी, पहिल्या फेरीत आठ. दुसऱ्या फेरीला बाबा दाराबाहेरच थांबले. आम्ही तिघींनी सहा घेतल्या.

"मावशी, मघाशी नेल्यात ना?" काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"आमच्या घरात कुणी कुणाच्या वस्तूला हात लावत नाही, बाई, ज्याची त्याला वेगळी लागते," आत्या म्हणाली.

त्यांची किमतीची स्टिकरं मी हेअर ड्रायरने काढली. वीस सेकंदांत गोंद राहतो, साठमध्ये प्लॅस्टिक सुरकुततं, चाळीस बरोबर.

"दोनशे साठ लाव," बाबा म्हणाले.

"बाबा, समोर दोनशे चाळीसला आहे."

"आपली माणसं आहेत गं ती."

शनिवारी वहीतलं पहिलं नाव आलं, मास्तर. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी चालू हेडफोन लावून चार गाणी ऐकली, या गायिकेचं जुनं काय ऐकावं ते विचारलं. बाबा पाऊण तास भरभरून बोलले. मास्तरांनी सगळं टिपून घेतलं, मग चष्मा पुसत म्हणाले, "नवी मुलाने कालच आणली हो, तिकडून. म्हटलं तुम्ही उगाच ठेवून बसाल, सांगून यावं."

"बरं केलंत," बाबा म्हणाले. ते गेल्यावर मला म्हणाले, "आलेल्यांत धर त्यांना."

मी आलेल्यांसाठी आणि घेतलेल्यांसाठी वेगळे रकाने आखले.

रविवारी संध्याकाळी उरलेल्या सीडी घेऊन मी चौक ओलांडला. स्टिकर नसलेला माल ते परत घेत नाहीत. परत येऊन वही पुरी केली. नावं चौदा. आले चार. घेतल्या तिघांनी.