अक्का भेटायला आली

दूध घालून परत आलेला संपत गोठ्याच्या दारातच खाली बसला. हात छातीवर, अंगाला घामाच्या धारा. मुलानं, विक्रमनं, त्याला उचलून गाडीत घातलं तेव्हा धायरीचा रस्ता कामाला निघालेल्या गाड्यांनी तुंबला होता. कोथरूडचा दवाखाना येईपर्यंत बापाचे ओठ काळे पडले होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण सरळ बोलल्या. हृदयाच्या नसा बंद झाल्या आहेत. उद्या सकाळी बायपास करायलाच हवं. "केलं तर चांगली आशा आहे. नाही केलं तर पुढचा झटका कधी येईल सांगता येत नाही, आणि त्यातून ते वाचायचे नाहीत."

संपत शुद्धीवर होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "करून टाका," म्हणाला. "म्हशी खोळंबल्यात माझ्या."

बाहेर बाकड्यावर विक्रमची आई, वेणूबाई, पदर तोंडाला लावून बसली होती. विक्रमला राहून राहून आत्या आठवत होती. तुळजाबाई, संपतची थोरली बहीण, मंडईत पालेभाजी विकायची. तिच्या मुलीच्या, नम्रताच्या, लग्नात नवरीमागं मामा म्हणून संपतनं उभं राहायचं होतं. त्याला यायला उशीर झाला. मुहूर्त टळेल म्हणून तुळजाबाईनं चुलतभावाला उभं केलं. संपत मांडवात शिरला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. तो न जेवता परत फिरला. तेव्हापासून बहीणभावांत शब्द नव्हता, भाऊबीज नव्हती.

'न भेटता काही झालं तर?' विक्रमच्या मनात आलं. आईला न विचारताच त्यानं फोन लावला.

तुळजाबाई तशीच आली. नखांत माती, लुगड्याला कोथिंबिरीचा वास. आत जाऊन तिनं भावाच्या तोंडावरून हात फिरवला. "चुकलं रं माझं, संपत," म्हणाली आणि रडली. सिस्टरला विचारून तिनं त्याच्या तोंडात चमचाभर पाणी घातलं. संपत तिच्याकडे बघत राहिला. मग तिचा हात धरला. काचेतून बघणाऱ्या विक्रमला वाटलं, चला, आपल्या हातून एक तरी चांगलं काम झालं.

थोड्या वेळानं सिस्टर बाहेर आल्या. "तुमचे वडील सही करत नाहीत. ऑपरेशन नको म्हणतात."

विक्रम आत धावला. "अण्णा, काय झालं?"

"मला घरी घेऊन चल."

"अहो, डॉक्टर म्हणतात ना, चांगली आशा आहे!"

"मला येडा समजतो का?" संपतचा आवाज शांत होता. "आपल्या आळीतला दशरथ आजारी पडला तवा त्याच्या भावाला, रतनला, मीच हाताला धरून आणला होता. दोघांचा जन्माचा अबोला. रतननं पाणी पाजलं, सकाळी आम्ही तिरडी बांधली. आपल्यात अबोल्याचं माणूस कधी बोलावत्यात, मला ठाऊक न्हाय व्हय? डॉक्टरांनी तुला खरं सांगितलंय. उगं छाती फाडून घेत न्हाय मी. घरी मरतो."

विक्रमनं शपथा घातल्या. डॉक्टरीणबाईंनी कागदावर हृदय काढून दाखवलं. वेणूबाई पायाशी बसून रडली. तिच्या रडण्यानं तर संपतची खात्रीच पटली.

"शुद्धीत आहेत. त्यांच्या मर्जीविरुद्ध आम्हाला काही करता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" वेणूबाई लेकावर ओरडली.

तुळजाबाई भिंतीशी उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं डोळे पुसले, पदर कमरेला खोचला. "मला परत आत सोडा."

"आत्या, आता नको."

"आताच."

ती खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. "काय रं, घरी निघालास म्हणं?"

"हां अक्का. बस जरा जवळ."

"बसाया न्हाय आले. मघाशी चुकलं म्हणाले, ते परत घ्यायला आले. नम्रताच्या मागं तुला उभा केला न्हाय, तेच बेस केलं. लग्नाला उशीर आन् मरायची घाई. तुला कशाची म्हणून येळ कळत न्हाय."

संपतनं उशीवरून मान उचलली. "अक्का, तोंड सांभाळ."

"तू छाती सांभाळ. म्हटलं भाऊ चालला, रडून घ्यावं. तर डॉक्टरीण म्हणती, वाचंल, पर भितोय. भित्र्यासाठी कोण रडतंय? उगंच गाळा बंद करून आले. मेथी सुकली माझी."

"आग लाव तुझ्या मेथीला! मी तिथं गाडी लावायला जागा हुडकत फिरतोय, आन् तुम्ही अक्षता टाकून मोकळे!"

"पुढच्या कार्यालाबी तुला बोलवायची न्हाय मी."

"येतोय कोण! तुझ्या दारावरनं ताठ मानेनं जाईन, पर आत पाऊल टाकायचा न्हाय."

"त्याला पायावर उभं ऱ्हावं लागतं. खाटंवरनं जाशील का?"

यंत्र टिकटिकायला लागलं. सिस्टर धावल्या. "बाहेर व्हा आधी तुम्ही!"

"हिला काढाच बाहेर!" संपत धापा टाकत म्हणाला. "आणा तो कागद. कुठं करायची सही?"

बाहेर आल्यावर तुळजाबाई बाकड्यावर बसली. डॉक्टरीणबाई चांगल्याच रागावल्या, अशानं पेशंट जागच्या जागी गेला असता म्हणाल्या. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं.

ऑपरेशन पार पडलं. धोका टळला, असं डॉक्टरांनी सांगेपर्यंत तुळजाबाई खालच्या मजल्यावर औषधांच्या दुकानाशेजारी बसून होती. वर एकदाही आली नाही. विक्रम तिला न्यायला खाली गेला.

"चला आत्या. झोपलेत ते. लांबून बघा नुसतं."

"आन् जागा झाला तर? मला बघून म्हणंल, ही परत आली, म्हंजी संपलं आता."

"बरे झाले की मी सांगेन त्यांना, तुम्ही मुद्दाम बोललात म्हणून."

"सांग की. मग कोणतं खरं धरंल तो? रडले ते का भांडले ते?" "भांडलेलंच धरू दे. जिता ऱ्हाईल."

दोघं रस्त्यावर स्टॉपपाशी आले, तोच मंडईकडे जाणारी बस आली. विक्रम हात द्यायला पुढं झाला, पण ती दांड्याला धरून आपली आपण चढली.

तो वर आला तेव्हा संपत जागा होता. घशातली नळी निघाली होती, आवाज घोगरा होता.

"अक्का आलती का परत?"

विक्रमनं त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाला, "नाही."

संपतनं सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यानंही टाके दुखले, आणि त्यानं डोळे गच्च मिटून घेतले.