चुलीमागची माझी जागा

मी चंद्रभागाबाईंच्या घरची विरजणाची लोटकी बोलतेय. हसू नका. मातीची असले तरी मत्सर म्हणजे काय ते मला पुरतं ठाऊक आहे.

कमठाण्याच्या कुंभारानं मला घडवलं. बाईंनी बिदरच्या बाजारात टिचकी मारून आवाज ऐकला आणि मला पदराखाली घालून घरी आणलं. चुलीमागं भुशाची टोपली होती, तिच्यात माझी उबदार जागा. रोज दिवे लागायच्या आधी बाई कोमट दुधात चमचाभर विरजण सोडत, मला कपाळाला लावत आणि झाकण ठेवत. त्यांचा सोमवारचा उपास माझ्याच दहीभातावर सुटायचा. घरातल्या दुसऱ्या कुठल्या भांड्याला होता असा मान?

मग सत्त्याऐंशी सालचा पौष आला. बाईंचे मालक किशनराव गावाबाहेरच्या डुकरांच्या फार्मवर, डॉक्टर शोभाबाईंच्या तपासणीच्या खोलीत शिपाई होते. एका सकाळी ते कापसाचं बूच लावलेल्या काचेच्या नळ्या रुमालात गुंडाळून घरी आले.

"हे काय आणलाव?"

"दह्यावानीच हाय. चुलीपाशी उबेला ठेव. तिकडं करंट सारखी जायलीय, ऊब द्यायची पेटी गार पडायलीय."

"कुणाच्या दुधाचं?"

किशनराव छताकडं बघू लागले. "दूध म्हशीचंच. त्यातलं विरजण तेवढं... डुकराच्या पोटातलं हाय."

"अगं बाई! सोमवारी? माझ्या चुलीपाशी?"

"ऐक तर. पिल्लांना हगवण लागलीय. अकरातली चार गेली. सुईचं औषध पहिल्यावानी लागू पडंना. एका म्हाताऱ्या डुकरिणीची पिल्लं तेवढी ठणठणीत हायत. डॉक्टरबाईंनी तिच्या घाणीतले चाळीस जातींचे जंतू वाढवले, एकेकाला रोगाच्या जंतूसमोर बसवलं. एकानंच रोगाला जवळ फिरकू दिलं न्हाई. तेच हे."

बाईंनी एक नळी उजेडाला धरून पाहिली. मग म्हणाल्या, "महादेवाचीच लेकरं की तीबी." आणि मला उचलून खिडकीत ठेवलं. माझ्या जागी त्या नळ्या बसल्या.

खिडकीत पौषाचा वारा. माझं दही लागेना. "ही रुसलीय," बाई म्हणायच्या. रुसले कुठली, जळत होते! रोज तयार नळ्या जायच्या, त्यांच्या जागी लगेच नव्या यायच्या. "आज सातही पिल्लं उठून प्याली," किशनराव सांगायचे. बाई हात जोडायच्या. आणि मला वाटायचं, फुटावी एखादी नळी. शेवटी माझं पातळ दही बाईंनी स्टीलच्या वाटीत काढलं आणि मला कढत पाण्यानं धुऊन पालथं घातलं.

भोगीच्या संध्याकाळी किशनराव मान खाली घालून आले.

"काय झालं?"

"सण म्हणून मी खोलीतली सगळी काच उकळून धुतली. मूळ विरजणाच्या नळ्याबी त्यातच गेल्या. अजून तीन दिस पाजायचं होतं. पिल्लं पुन्हा आडवी पडायलीत."

"माझ्याकडं हाय की."

"कुठं?"

बाईंनी माझ्याकडं बोट दाखवलं. विरजण पार संपवायला त्यांचा हात कधी धजलाच नाही. आदल्या दिवशी नळ्या परत देताना सवयीनं त्यांनी चमचाभर मागं ठेवून त्यावर कोमट दूध घातलं होतं, आणि रिकामं भांडं होतं ते मीच. पुन्हा टोपलीत बसले होते खरी, पण ज्याच्यावर जळले त्यालाच पोटात घेऊन!

किशनरावांनी हात पुढं केला. बाई थबकल्या. गल्लीत दिवे लागले होते.

"दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर देत न्हाईत. शेजारच्या नागव्वालाबी कधी दिलं न्हाई मी."

"अगं, सकाळपर्यंत पिल्लं..."

"थांबा की जरा." त्यांनी मला उचललं, हळदकुंकवाचं बोट लावलं. "विरजण मी देतच न्हाई. माझी लोटकी सासरी जायलीय. लेक पाठवायला कसली आलीय तिन्हीसांज?"

आणि शेवटचं मला कपाळाला लावलं.

सातही पिल्लं वाचली. शोभाबाईंनी माझ्या पोटातलं पुन्हा ताटलीवर पसरून तपासलं. म्हणाल्या, "किशनराव, यात तुमच्या घरच्या दह्याचेही, मातीत मुरून राहिलेले जंतू आहेत. दोघं शेजारी शेजारी वाढलेत. कुणी कुणाला हाकललं नाही." ते ऐकून मला लाज वाटली.

आता नव्वद साल लागलंय. मी शोभाबाईंच्या तपासणीच्या खोलीतल्या फळीवर असते, पोटात कापसाचे बोळे. डुकराचं विरजण लागलेली लोटकी सोमवार करणाऱ्या बाईच्या चुलीमागं परत कशी जाणार? किशनराव सांगतात, टोपलीत औरादच्या बाजारातली नवी लोटकी आलीय, दही घट्ट लागतं म्हणे. खोटं कशाला बोलू, अजून जळते मी. पण दर सोमवारी बाई त्यांना विचारतात, "माझी लेक बरी हाय नव्हं?" तेवढ्यावर माझा आठवडा जातो.

तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलात, तर नव्या लोटकीला माझा निरोप सांगा. टोपलीत ऊब पुष्कळ आहे. कधी कुणी परकं आलं दाराशी, तर थोडी सरकून बस, बाई. मला ते वेळेवर जमलं नाही.