नऊ चौकशा

‘मी सहमत आहे’ या चौकोनावर हेमांगीने बोट टेकवलं आणि फोनच्या पडद्यावरचं चक्र फिरताना पाहत राहिली. धाटावच्या कंपनीतल्या कँटीनमध्ये ती भिंतीकडच्या टेबलावर एकटीच बसली होती. डबा अजून उघडला नव्हता. कर्ज मिळू शकेल, पुढची माहिती भरा, असा संदेश आला. तिने ती भरली नाही. तिला कर्ज नको होतं. त्या ॲपवाल्यांनी तिची पत तपासल्याची नोंद तेवढी व्हायला हवी होती.

हा सातवा अर्ज. सुरुवातीला तिचा सिबिल स्कोअर सातशे अठ्ठेचाळीस होता. दर चौकशीमागे तो उतरत होता, कधी चारने, कधी नऊने. कालचा आकडा सातशे सहा. थोड्या दिवसांत जागोजाग कर्ज मागणारा माणूस अडचणीत आहे असं बँका धरून चालतात, हे तिने नीट वाचून घेतलं होतं. अजून दोन पुरेत, असा तिचा अंदाज होता. कंपनीच्या प्रयोगशाळेतले तिचे अंदाज सहसा चुकत नसत.

टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार कर्ज काढून तिसऱ्यांदा घ्यायचं घरात ठरलं होतं. कोणी ठरवलं, ते सांगता आलं नसतं. सासूबाईंनी विषय काढला, नवऱ्याने, यज्ञेशने, मान हलवली, हेमांगी तेव्हा ताटं उचलत होती. दोनदा तिने महिना महिना पोटात सुया टोचून घेतल्या होत्या, दोनदा शेवटचे चौदा दिवस मोजले होते. एकोणचाळिसाव्या वर्षी किती शक्यता उरते, तेही तिला ठाऊक होतं. चाळिशीनंतर आम्ही करत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि चाळिशीला पाच महिने राहिले होते. पण ‘नको’ हा शब्द त्या घरात तिच्या तोंडून निघेना. तो बँकेने उच्चारला असता, तर कोणाला कोणावर रागावता आलं नसतं. यज्ञेशची जुनी कंपनी बंद पडली तेव्हा त्याचे मोटारसायकलचे हप्ते थकले होते. त्यामुळे कर्ज निघणार होतं ते तिच्याच नावावर.

पुढच्या सोमवारी दोघं रजा काढून रोह्याहून पेणला गेली. तिचं पगाराचं खातं तिथल्या बँकेत होतं. कर्ज पाहणारी ऋजुता नावाची मुलगी बराच वेळ संगणकाकडे पाहत होती.

"मॅडम, पगार चांगला आहे, एक हप्ता चुकलेला नाही," ती म्हणाली. "पण तीन आठवड्यांत नऊ चौकशा? सिस्टिमच पुढे जाऊ देत नाही. सहा महिने कुठेही अर्ज करू नका, मग या."

तिने अहवाल छापून दिला. यज्ञेशने तो आपल्याकडे ओढला आणि नऊही ओळींवरून सावकाश बोट फिरवलं. हेमांगीने एक वाक्य तयार ठेवलं होतं, चुकून दाबलं गेलं म्हणून. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि तो उठला.

परतीच्या वाटेवर गडबजवळ त्याने चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली. चहा आला. मग तो म्हणाला,

"तुझा नवरा येडा हाय, हेमा."

तिने ग्लास उचलला.

"मला वाटलेलं, तुला आता नकोय. सुयांचं नाव काढलं की उठून जातेस. आज घरी गेल्यावर आईला सांगणार होतो मी. कर्ज मिळो न मिळो, आता बास. तिला परत त्यातून न्यायचं नाय." तो हसला, पण डोळे भरले होते. "आणि तू नऊ ठिकाणी हात पसरलास. मला न सांगता."

"अहो, ऐका, ते..."

"नको सांगूस. कळलं मला." त्याने बाहीने डोळे पुसले. "माझा पीएफ काढतो. शिफ्टमधल्या जगनने काढला बायकोच्या ऑपरेशनला, नाय म्हणत नाहीत. म्हातारपणी तू पोस मला, काय?"

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य तिच्यापाशी होतं, आणि ते ऐकायला जो माणूस हवा तो समोर बसला होता. पण तो तिच्याकडे असं पाहत होता, जसं लग्नाच्या चौदा वर्षांत त्याने कधी पाहिलं नव्हतं. तिने चहाचा घोट घेतला. तोवर त्याने दवाखान्याला फोन लावलाही होता.

व्हय, तिसरी वेळ, असं तो कोणाला तरी सांगत होता. पैशांचं झालं, असंही म्हणाला. मग फोनवर तळवा ठेवून त्याने हळूच विचारलं,

"पाळी कधी आली होती म्हणून विचारतायत."

महामार्गावरून एक टँकर गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत ती थांबली.

"अकरा तारखेला," हेमांगी म्हणाली. "सकाळी."