चौदा नंबरचा कप

"वजन वाढलंय, सर," काट्यावरची नजर न काढता विमलाबाई म्हणाल्या.

"वाढलंय म्हणजे घटलं नाही. घटलं नाही म्हणजे वास अजून आत आहे. सिंपल!" सुयोग सरांनी टाळी वाजवली. स्वतःसाठीच. गोरेगावच्या त्या गाळ्यात त्यांच्यासाठी टाळी वाजवणारं दुसरं होतंच कोण?

काम म्हणाल तर इतकंच. फळमाशीमुळे आंब्यात अळ्या पडतात. तिच्या नराला वेड लावणारा वास जेलमध्ये कोंडायचा, जेल कपात ओतायचं, कप बागेतल्या सापळ्यात टांगायचा. वास हळूहळू सुटतो, नर धावत येतात आणि अडकतात. माद्या ढुंकूनही बघत नाहीत. अक्कल असते ना! वास किती सुटला, ते रोज कप तोलून काढायचं.

अठरा वर्षं ते जेल विमलाबाईच ओतत होत्या. वास बोटांत असा मुरला होता, की लिंबू, राख, मुलीने आणलेला महागडा साबण, सगळे हरले. पेरूच्या गाडीपाशी थांबलं की माश्या पेरू सोडून यांच्या हातावर. सरांच्या अंगाला मात्र फक्त सेंटचा वास. जेलला त्यांनी कधी बोट लावलं असेल तर शपथ.

"सर, जेल हवेतलं पाणी पितंय. मिठाची बरणी उघडी ठेवून बघा या पावसाळी दिवसांत. वास पंचवीस दिवसांतच संपला."

"कोणी सांगितलं?"

"माश्यांनी."

"मावशी, पीएचडी मी केलीय, माश्यांनी नाही."

खरंच होतं. इतक्या सफाईने खोटं बोलायला माश्या बिचाऱ्या शिकल्या कुठे होत्या!

सरांनी कागद पुढे सरकवला. 'परिणाम साठ दिवस.' खाली वजन करणाऱ्याच्या सहीची जागा. देवगडचे बागायतदार लवू परब आज पुढच्या हंगामाचे तीन हजार कप ठरवायला येणार होते.

"वजनाखाली सही करीन. साठ दिवसांखाली नाही."

"मग उद्यापासून येऊ नका."

तेवढ्यात परब आलेच. "कागद मागे. आधी पिंजऱ्यात घालून दाखवा बघया."

"दाखवा ना, मावशी!" सर थाटात म्हणाले. विमलाबाईंनी चाळीस दिवसांचा चौदा नंबरचा कप नर माश्या ठेवलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात हात घालून टांगला. माश्या उठल्या, घोंगावल्या आणि बसल्या. बाईंच्या बोटांवर.

"अगो बाय! कपार एकव नाय!"

"हात काढा, मावशी! हातामुळे होतंय ते!"

त्यांनी हात काढला. माश्या जाळीवर फिरल्या, केळ्याच्या फोडीवर बसल्या. कपाकडे एकही गेली नाही. सरांनी पिंजऱ्याला टिचकी मारली. मग आणखी एक. म्हणे शास्त्रज्ञ!

"अळ्ये पडतले ते माझ्या आंब्यात," परब उठले, "तुमच्या कागदात नाय."

त्यांच्यामागे 'अहो ऐका तर' करत सर जिन्यापर्यंत धावले.

विमलाबाईंनी चिमट्याने चौदा नंबर उचलला, काट्यावर ठेवला. सकाळपेक्षा केसभर जास्तच. आकडा वहीत लिहिला, खाली सही केली, आडनावासकट. हाताबरोबर बाहेर आलेली एक माशी त्यांच्या अंगठ्यावर बसली होती. तिला न झटकता त्यांनी पंधरा नंबरचा कप उचलला.