भावोजींचा बिनचूक प्रोग्राम

"माझ्या प्रोग्रामला आजवर एकही एरर आलेली नाही," भावोजी म्हणाले.

भावोजी रक्तपेढीचे प्रमुख आणि हौशी प्रोग्रामर. माझी ताई तिथेच रक्त तपासते. प्रोग्राम मधूनच अडतो म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. दुसऱ्यांचा कोड निस्तरणं हा माझा धंदा, आणि बढाया मारणारा माणूस माझ्या डोक्यात जातो, मग तो घरचा का असेना.

पहिलीच ओळ वाचली आणि तिथेच थांबले. ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट. म्हणजे काहीही बिघडलं तरी तोंड मिटून पुढे जायचं. खाली टेबल, म्हणजे पिशव्यांच्या नोंदींचा तक्ता, उघडलेलं, ते बंद करायची ओळ अगदी तळाशी, आणि तिथवर न पोचताच बाहेर पडायची वाट मध्येच. त्या वाटेने गेलं की टेबल तसंच अडकून राहणार. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरून भरलेलं काही त्यात उतरणार नाही, आणि स्क्रीन मात्र म्हणणार, "नोंद झाली."

"ताई, आज काय काय भरलंस?"

"एक पिशवी काविळीची निघाली. बाद म्हणून भरली. का गं?"

मी टेबल उघडून पाहिलं. पिशवी चांगली म्हणूनच नोंदलेली होती.

"पिशवी कुठंय?"

ताईने फ्रीज उघडला आणि तिचा चेहरा उतरला. काउंटरवाल्याने स्क्रीन बघून ती मघाशीच वॉर्डात पाठवली होती. वॉर्डाचा फोन लागेना. ताई धावत सुटली.

"पण नोंद झाली असं आलं होतं ना!" भावोजी म्हणाले.

"ते तुम्हीच लिहिलंय, भावोजी. टेबलाला विचारलंय कुठं?"

ते येरझारा घालायला लागले. मला बसवेना. हात चालू राहावेत म्हणून मी ती पहिली ओळ काढून टाकली, चूक झाली तर ती दाखवायची आणि कुठल्याही वाटेने बाहेर पडताना आधी टेबल बंद करायचं, एवढं लिहिलं. तीनदा चुकीचं टाइप केलं. मला भयंकर राग आला होता आणि भीतीही तेवढीच वाटत होती.

फोन वाजला. "लावली नव्हती अजून," ताई धापा टाकत म्हणाली. "माझ्या हातात आहे."

भावोजींच्या येरझारा थांबल्या. मला वाटलं, आता तरी हसतील. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आणि याआधीच्या पिशव्या?" त्यांनी विचारलं.