चारशे दहा मीटर

खाणमालकाने वजनकाटा ओढत विमानाच्या पंखाखाली आणला आणि सेल्समनच्या बायकोला म्हणाला, "वहिनी, लाजायचं नाही. आधी तुम्ही."

पर्स नवऱ्याच्या हातात देऊन ती काट्यावर चढली.

"पर्ससकट."

तिने पर्स परत घेतली. चौसष्ट किलो. मालकाने आकडा खणखणीत आवाजात वाचला, तशी ती कसनुशी हसून खाली उतरली. मग त्यांची नऊ वर्षांची मुलगी, मग मालकाचे दोन धिप्पाड मुकादम, मग दगडांच्या नमुन्यांनी भरलेल्या दोन पिशव्या. शेवटी सेल्समन.

"साहेब, एवढं कशाला?" तो म्हणाला. "आपण दोघंच एक चक्कर मारून येऊ की."

"तुमच्या तक्त्यात सहा जागा आहेत. मग सहा जण बसू. टाकीही काठोकाठ भरलीय."

तो तक्ता सेल्समननेच तीन वर्षांपूर्वी तयार केला होता. डावीकडे आपलं विमान, उजवीकडे दुसऱ्या कंपनीचं. उडायला लागणारं अंतर: आपलं चारशे दहा मीटर, त्यांचं सातशे. यातला एकही आकडा खोटा नव्हता. आपला आकडा एकटा वैमानिक, पाव टाकी इंधन आणि थंडीतल्या सकाळचा होता. त्यांचा होता भरल्या विमानाचा, ऐन उन्हाळ्यातल्या दुपारचा. हे सगळं पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं. तक्ता बघून ऑफिसात सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती.

मालकाकडे दहा वर्षं ते दुसऱ्या कंपनीचं विमान होतं आणि ते तो स्वतःच चालवायचा. त्याची धावपट्टी सहाशे मीटरची, आणि ती संपते तिथून खाणीचा पहिला खड्डा सुरू होतो. "तुमचंच घ्यावं म्हणतो," तो फोनवर म्हणाला होता. "रविवारी घरच्यांनाही आणा. पोरीला विमानात बसवू." सेल्समनने या वर्षात एकही विमान विकलं नव्हतं. सोमवारी त्याची नोकरी राहणार की जाणार, ते या एका सहीवर होतं.

मालक डावीकडे बसला, सेल्समन त्याच्या शेजारी. मधल्या जागांवर मायलेकी, मागे मुकादम. सगळ्यांच्या कानांवर हेडफोन होते आणि एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं. पट्टीच्या टोकाशी विमान वळवून मालकाने ब्रेक दाबून धरला आणि इंजिनाचा जोर वाढवला. विमान जागच्या जागी थरथरू लागलं. पट्टीवरची हवा उन्हाने हलत होती.

"काय म्हणता? उठेल ना?"

"वारा समोरून आहे," सेल्समन म्हणाला.

"मी वाऱ्याचं नाही विचारलं."

"उठेल."

"आई, वरून आपली गॅलरी दिसेल?" मुलीने विचारलं.

मालकाने मान वळवून सेल्समनकडे पाहिलं. "सोडू ब्रेक?"

सेल्समनने पॅन्टला तळवे पुसले.

"सोडा."

पट्टीच्या कडेला दर शंभर मीटरवर चुना लावलेला एकेक दगड होता. पहिला सावकाश गेला. दुसरा आला तेव्हा विमान नुसतं धडधडत होतं, पंखांत काही जीव आलेला नव्हता. सेल्समनची नजर वेगाच्या काट्यावर होती. त्याचे पाय तळाशी घट्ट रुतले, जणू तिथे त्याचाही एक ब्रेक होता. तिसरा दगड आला. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

तिसरा दगड मागे पडताच मालकाने इंजिनाचा जोर उतरवला आणि ब्रेक मारला. सगळे पुढे फेकले गेले. पिशवीतले दगड खडखडले. पाचव्या दगडाच्या जरा अलीकडे विमान थांबलं. समोर शंभरेक मीटरवर पट्टीची कड होती आणि तिच्यापलीकडे, खूप खोल, खडी फोडायच्या यंत्रांची पत्र्याची छपरं.

"तळटीप मी पहिल्याच दिवशी वाचली," मालक त्याच आवाजात म्हणाला. "भिंग लावून. मला फक्त एवढंच बघायचं होतं, तुम्ही कितव्या दगडाला 'थांबा' म्हणता."

त्याने इंजिन पूर्ण बंद केलं.

"विमान घेतो मी. चार माणसं आणि अर्धी टाकी, एवढ्यावर काम भागेल माझं. तुमच्यासारखा माणूस विकायला ठेवलाय म्हणजे कंपनी टिकेल. कागद आणलेत?"

"आणलेत, साहेब," सेल्समन म्हणाला.

सगळे उतरले. एक मुकादम चाकाशी उकिडवा बसून ओकला. आजचा बेत त्यालाही कोणी सांगितलेला नव्हता. मालकाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याने विमानाच्या शेपटीवर कागद पसरले आणि खिशातून पेन काढलं.

सेल्समन पानं उलटून सह्यांच्या जागा दाखवत होता. बायको त्याच्या मागे येऊन उभी राहिली. मुलीचा हात तिने मनगटापाशी धरला होता.

"अहो."

"हं?"

"एवढ्या वजनाला, या उन्हात, खरं किती अंतर लागतं?"

"आठशे साठ," तो म्हणाला. पान उलटता उलटता, कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगावं तसं.

मालकाचं पेन क्षणभर थांबलं. मग तो गालातल्या गालात हसला आणि त्याने सही पुरी केली.

आणखी दोन पानं राहिली होती. ती संपवून सेल्समनने मान वर केली, तेव्हा मायलेकी पट्टीच्या कडेने फाटकाकडे बऱ्याच लांब गेल्या होत्या. त्याने हाक मारली. मुलगी वळली आणि दुसरा हात हलवून ओरडली, "बाबा, परत कधी बसायचं?"

तिची आई वळली नाही. तिने मुलीला फक्त दुसऱ्या बाजूला, पट्टीपासून लांब घेतलं आणि ती चालत राहिली.